टाकी चौथ्याच दिवशी का संपते?

सोलापुरात चार माणसं जेवायला बोलवायची म्हटलं की घरात आधी प्रश्न येतो, "पाण्याचा दिवस कधीय?" आमच्या भागात नळ चार दिवसांआड सुटतो. कधी पहाटे, कधी भर दुपारी. त्या दोन-तीन तासांत गच्चीवरची टाकी, खालचा हौद, मोरीतलं पिंप, स्वयंपाकघरातल्या कळश्या असं सगळं भरून घ्यायचं आणि पुढचे पाच दिवस त्यावर काढायचे. एवढं आता अंगवळणी पडलंय.

अंगवळणी पडत नाही तो चौथ्या दिवशी संध्याकाळी नळातून येणारा फुस्स आवाज. गेल्या उन्हाळ्यात लागोपाठ तीनदा तो ऐकला. घरात माणसं तीच पाच, भांडी तीच. मुलांवर ओरडून झालं, सासूबाईंच्या तुळशीवर संशय घेऊन झाला. शेवटी नेहमीच्या मिस्त्रीला बोलावलं. ते एकही नळ न उघडता सरळ संडासात गेले, दोन मिनिटं कान देऊन उभे राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, "अक्का, तुमच्या घरात सहावं माणूस राहतंय की ओ. रात्रंदिवस पाणी पितंय."

त्या सहाव्या माणसाचा हिशोब मी त्या रात्री वहीत मांडला. गच्चीवर १,००० लिटरची टाकी, खाली १,५०० लिटरचा हौद, एकूण साठा २,५०० लिटर. माणशी रोज १०० लिटर धरले तर पाच जणांना ५०० लागतात, म्हणजे पाच दिवसांची बेगमी नेमकी होते. शहरांसाठी सरकारी मानक माणशी १३५ लिटरचं आहे, तेव्हा १०० म्हणजे काही चैन नव्हे. आता गळणाऱ्या नळाचा थेंब घ्या. एक थेंब साधारण पाव मिलिलिटरचा. सेकंदाला एक पडला तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात, म्हणजे २० लिटरच्या वर. एक बादली. ही बादली डोळ्यांना दिसते, टपटप ऐकू येते, म्हणून सगळे तिच्याच मागे लागतात. फ्लशची टाकी मात्र गुपचूप गळते. भांड्याच्या मागच्या बाजूने पाण्याचा पातळ पापुद्रा सरकत असतो, मिनिटाला जेमतेम अर्धी वाटी. पांढऱ्या भांड्यावर तो दिसतसुद्धा नाही. पण मिनिटाला अर्धी वाटी म्हणजे तासाला पाच लिटर आणि दिवसाला १२०. दोन्ही मिळून १४०. रोजचा खर्च ५०० वरून ६४० वर गेला, आणि २,५०० ला ६४० ने भागलं की उत्तर येतं ३.९. चौथ्या दिवसाची संध्याकाळ!

आता पैशाचं. आमच्याकडे मीटर नाही, पाणीपट्टी वर्षाची एकदम येते. त्यामुळे "गळतंय तर गळू दे, पैसे कुठे जास्त पडतात" असं म्हणायची सोय असते, आणि मीही ती बरीच वर्षं घेतली. पण जिथे पाणी साठवून वापरायचं तिथे प्रत्येक लिटरचा भाव सारखा राहत नाही. पाण्याच्या दिवशी सांडलेली बादली जवळजवळ फुकट असते, नळ चालूच असतो. तीच बादली पाचव्या दिवशी कमी पडली की टँकरला फोन करावा लागतो, आणि टँकर काही बादलीने येत नाही. आपल्याला हवे असतात पाचशे-सहाशे लिटर, तो येतो हजारो लिटर घेऊन. हौदात मावतात दीड हजार. उरलेलं पाणी घेता का, म्हणून गल्लीत विचारत फिरायचं, आणि नेमकं त्या दिवशी शेजाऱ्यांचे हौद भरलेले असतात. पैसे मात्र अख्ख्या टँकरचे. रबराच्या एका स्वस्तातल्या चकतीने हा सगळा खर्च अडतो, हे मला पन्नाशीत कळलं.

शहराचं गणितही याच जातीचं आहे. आपलं मुख्य पाणी उजनी धरणाचं, आणि ते दोन वाटांनी येतं. एक म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर अंतर कापून येणारी थेट पाइपलाइन. दुसरी वाट भीमेची. धरणातून नदीत पाणी सोडायचं, ते औजच्या बंधाऱ्यात अडवायचं आणि टाकळीहून उपसून शहरात आणायचं. नदीच्या पात्रातून एवढा प्रवास झाल्यावर वाटेत किती मुरतं आणि उन्हाने किती उडतं, हे एप्रिलातलं पात्र पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. हिप्परग्याचा तलाव जवळचा, पण तो बराचसा पावसाच्या भरवशावर. उजनी भरते तीही आपल्या पावसावर नाही, पुण्याकडच्या. लाइन कुठे फुटली किंवा पंपाची वीज गेली की "पाणीपुरवठा एक दिवस पुढे" अशी बातमी येते. त्या वाढीव दिवसाला जी टाकी पुरते तीच खरी.

गळती शोधायला यंत्र लागत नाही, काठी लागते. आमच्याकडे जुन्या पडद्याचा पाइप पडून होता, तो घेतला. रात्री सगळे झोपल्यावर मोटार बंद, नळ बंद. काठीला खडू घासायचा, टाकीच्या तळाला टेकेपर्यंत सरळ उभी आत सोडायची, बाहेर काढायची. ओला झालेला खडू काळपट दिसतो, तिथे पेनाने रेघ मारायची. पहाटे कुणी उठायच्या आत पुन्हा तेच करायचं. दोन रेघांतलं अंतर पट्टीने मोजा. १,००० लिटरच्या गोल टाकीचा व्यास साधारण एक मीटर दहा सेंटिमीटर असतो, म्हणजे एक सेंटिमीटर पाणी उतरलं तर साडेनऊ लिटर गेले. आमच्याकडे सात तासांत पातळी चार सेंटिमीटर उतरली होती. रात्री कुणी संडासला उठलं तर तेवढे लिटर वजा करायचे, नाहीतर घरातल्या म्हाताऱ्या माणसावर उगाच आळ येतो.

मग कुठून जातंय ते बघायचं. दुसऱ्या रात्री फ्लशच्या टाकीला पाणी देणारा छोटा अँगल कॉक बंद करून हीच परीक्षा घ्या. पातळी जागेवर राहिली तर चोर सापडला. नाही राहिली तर तिसऱ्या रात्री न्हाणीची लाइन बंद, चौथ्या रात्री स्वयंपाकघराची. गच्चीवर टाकीतून निघणाऱ्या प्रत्येक लाइनला वेगळा व्हॉल्व असेल तर हे सोपं जातं. आमच्याकडे तीन होते आणि कुठला कशाचा हे घर बांधणाऱ्या मिस्त्रीलाच ठाऊक. मी एकेक बंद करून खाली नळ बघत बघत त्यांच्यावर रंगाने खुणा केल्या. हौदाचीही परीक्षा काठीनेच घ्या, पण वेगळ्या रात्री. वरची टाकी शाबूत आणि हौद मात्र उतरतोय, असं झालं तर बहुधा हौदाच्या प्लास्टरला तडा आहे. ते काम मोठं. तिथे मिस्त्रीच हवा.

फ्लशची आणखी सोपी परीक्षा म्हणजे नीळ. पांढऱ्या कपड्यांना घालतो तीच. टाकीचं झाकण उचलून आत चार-पाच थेंब टाका आणि वीस मिनिटं कुणी फ्लश करू नका. खाली भांड्यात निळा रंग उतरला की टाकी गळतेय. यात दोन दुखणी असतात आणि त्यांचा इलाज वेगळा. पाणी आत कुठवर चढतं ते बघा. टाकीच्या मधोमध एक उभी नळी असते, जास्तीचं पाणी तिच्यातून भांड्यात जातं. तरंगता गोळा वर बांधलेला असेल तर पाणी नळीच्या तोंडाशी येऊन कायम आत सांडत राहतं. हे पहिलं दुखणं, याला शून्य रुपये लागतात. गोळ्याचा स्क्रू फिरवून पातळी नळीच्या तोंडापेक्षा बोटभर खाली आणायची. पाणी नळीच्या खालीच आहे तरी रंग उतरतोय, असं असेल तर तळाचं रबरी सील गेलं. बोअरच्या जड पाण्याने ते कडक होतं, त्यावर क्षाराचा खरखरीत थर बसतो आणि ते भोकावर नीट बसत नाही. काढून कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून घासलं तर कधी कधी सुधारतं. चिरलं असेल तर नवं घ्यायचं. जुनं सील खिशात घालून दुकानात जा. फोनवर माप सांगून आणलेलं सील मी दोनदा परत केलंय.

नळाची तोटी दुरुस्त करणं आपल्याला वाटतं त्याहून सोपं आहे, पण जुना नळ आणि नवा नळ यांचा स्वभाव वेगळा. जुना म्हणजे चार-पाच वेढे फिरवावा लागतो तो. त्यात दांड्याच्या टोकाला रबरी वॉशर असतो, तो पितळेच्या कडेवर दाबला गेला की पाणी थांबतं. वॉशर झिजला की थेंब पडतो. मग आपण जोर लावून आवळतो, त्या जोराने पितळेची कड वॉशरमध्ये रुतते, वॉशर आणखी फाटतो. "नळाचा गळा आवळू नका ओ अक्का, आवळला की जास्तच गळतंय," असं मिस्त्री म्हणाले ते शब्दशः खरं. लाइनचा कॉक बंद करा, नळ उघडून आतलं पाणी काढून टाका, वरच्या नटाला फडकं गुंडाळून पान्याने सोडवा. फडकं नसेल तर क्रोमवर दात उमटतात. दांडा वर येईल, त्याच्या बुडाला वॉशर. नवा बसवण्याआधी खालची कड बोटाने चाचपा. खड्डा लागला तर नवा वॉशरही महिनाभरच टिकेल.

नवा नळ पाव वेढ्यात उघडतो. त्यात वॉशर नसतो, चिनी मातीसारख्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. त्या झिजत नाहीत, पण रेतीने ओरखडतात, आणि आपल्याकडे रेती येतेच. चार दिवस रिकाम्या राहिलेल्या लाइनीत पाणी सुटलं की ते आधी तळाचा गाळ ढकलत आणतं. म्हणून हौदाच्या तोंडाशी जाळी हवी आणि वर्षातून दोनदा टाकी घासायला हवी. चकती गेली तर आतला अख्खा तुकडाच बदलतात, ज्याला दुकानात काडतूस म्हणतात. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं, ही या नव्या नळांची खरी डोकेदुखी. मला विचाराल तर मोरीत, अंगणात, जिथे पाणी राबतं तिथे जुना वेढ्यांचा पितळी नळच बरा. त्याचं रबर कुठल्याही दुकानात मिळतं.

पाइपाच्या आट्यांना पांढरी टेप गुंडाळताना आटे ज्या दिशेने कसले जातात त्याच दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर कसताना ती सुटून गोळा होते आणि जोड पुन्हा पाझरतो. आमच्या घरातले निम्मे जोड एवढ्यानेच बरे झाले.

पाणी सुटण्याच्या वेळी काय होतं तेही बघायला हवं, कारण सगळ्यात मोठी उधळपट्टी त्या दोन तासांत होते. पहाटे कधी येईल याचा नेम नाही म्हणून लोक नळ उघडा ठेवून झोपतात. फुर्र असा हवेचा आवाज आला की जाग येते म्हणे. येते कधी कधी. नाही आली की हौद भरून वाहतो आणि सकाळी गल्लीत ओहोळ. याला तोड फ्लोट व्हॉल्वची, म्हणजे मिस्त्री ज्याला बॉल कॉक म्हणतात त्याची. पाण्याची पातळी वर आली की तरंगता गोळा दांडा उचलतो आणि येणारं पाणी बंद. हौदाला एक आणि वरच्या टाकीला मोटार बंद करणारं फ्लोट स्विच एक. यावर खर्च झालेले पैसे मला कधी खटकले नाहीत.

लाइनीला थेट मोटार जोडणं मात्र करू नका. ते नियमात बसत नाही, पलीकडच्या घराचं पाणी ओढलं जातं, आणि तिसरं कारण आपल्याच पोटाचं आहे. पाइपात दाब असतो तोवर फटीतून पाणी बाहेर जातं. दाब गेला किंवा मोटारीने ओढ बसली की त्याच फटीतून बाहेरचं पाणी आत येतं. तुमची जोडणी गटाराजवळून गेली असेल तर काय आत येतं ते लिहायला नको. पहिल्या काही मिनिटांचं गढूळ पाणी पिण्यात घेऊ नये ते यासाठी. पण ते मोरीत सोडून देऊ नका, पिंपात धरून ठेवा. फरशी आणि संडासाला ते चालतं.

आता एका सवयीबद्दल, आणि इथे घरोघरी भांडणं होतात. नळ आला की आधी कालचं "शिळं" पाणी ओतून द्यायचं आणि ताजं भरायचं. माझ्या आईने जन्मभर केलं. झाकून ठेवलेलं पाणी चार दिवसांत भाकरीसारखं शिळं होत नाही. त्यातला क्लोरीन हळूहळू उडतो हे खरं, म्हणून पिण्याचं उकळून घ्या, झाकून ठेवा, हात न बुडवता ओगराळ्याने काढा. पण उरलेल्या दोन-तीन कळश्या मोरीत ओतणं म्हणजे पाण्याच्या दिवशी फुकट वाटणारं पाणी फुकट घालवणं. ते धुण्यात वापरा. भांडं मात्र रिकामं करून आतून घासाच. डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा घासलं की डेंग्यूचा डास त्या भांड्यात जन्माला येत नाही. सासूबाईंना शिळ्याचं पटलं नाही, डासाचं पटलं.

एक फुकटातला उपाय सांगते. टाकी गच्चीवर, म्हणून तळमजल्याच्या नळाला वरच्या मजल्याच्या नळापेक्षा दाब जास्त. पाण्याची उंची तिप्पट झाली तर धार साधारण पावणेदोन पट होते. म्हणजे त्याच मापाच्या नळातून, तेवढ्याच वेळात, खाली भांडी घासणारी बाई वरच्या मजल्यापेक्षा पावणेदोन पट पाणी सोडते आणि त्यात तिची काही चूक नसते. ओट्याखालचा अँगल कॉक अर्धा बंद करून ठेवा. धार कमी झाली हे दोन दिवस जाणवतं, तिसऱ्या दिवशी कुणाला आठवतही नाही. नळाच्या तोंडाला हवा मिसळणारी जाळी लावली तरी चालतं, फक्त जड पाण्यात ती महिन्या-दोन महिन्यांनी काढून साफ करावी लागते.

गरम पाण्यापायीही पाणी जातं, पण सगळ्यांचं नाही. गच्चीवर सोलर, अंघोळीची न्हाणी तळमजल्याला, मध्ये पंधरा मीटर पाइप. पाऊण इंची पाइपात मीटरमागे पाव लिटरच्या आसपास पाणी मावतं, म्हणजे गरम पाणी खाली पोचेपर्यंत चार लिटर थंड पाणी बाहेर पडणार. पाच अंघोळींचे वीस लिटर. बादलीने अंघोळ करणाऱ्याचं काहीच जात नाही, ते थंड पाणी बादलीतच पडतं आणि विसणाला लागतंच. जातं ते शॉवरखाली हात धरून उभ्या राहणाऱ्याचं. आमच्या घरात असा एकच प्राणी आहे, इंजिनिअरिंगला शिकतो.

विजेच्या बचतीबद्दल लोक फार मोठं सांगतात, तेवढं काही नाही. १,००० लिटर पाणी दहा मीटर वर चढवायला घरगुती मोटारीला युनिटाचा लहानसा हिस्साच लागतो. आमची महिन्याची गळती ४,२०० लिटर, म्हणजे वाया गेलेली वीज फार तर एखाद-दुसरं युनिट. पैसे जातात ते मोटार जळण्यात. हौद नकळत रिकामा झालेला, आपण सवयीने बटण दाबलेलं, आणि मोटार कोरडी फिरतेय. रिवाइंडिंगचं बिल हातात पडलं की हौदाची पातळी बघायची सवय आपोआप लागते. मला तशीच लागली.

सील बदललं, मोरीच्या नळाचा वॉशर बदलला. पुढच्या पाण्याच्या दिवसानंतर पुन्हा काठी घातली. रात्रीत पातळी अर्ध्या सेंटिमीटरहूनही कमी उतरली. पूर्ण थांबलेली नाही. खालच्या न्हाणीतला गरम-थंड मिक्सर अजून ओलसर असतो, त्याचं काडतूस इथे दोन दुकानांत मिळालं नाही. मिस्त्री म्हणाले, "बघतो की ओ, हैदराबादहून मागवतो." तोवर त्या मिक्सरच्या लाइनीचा कॉक बंद आहे, आणि इंजिनिअरसाहेब बादलीने अंघोळ करतायत.